रापणीवरचं पोर आणि बालपणाचं समाजशास्त्र

प्रश्न एका बाईंचा आहे. किनाऱ्यावरच्या वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतात. त्यांच्या चौथीतला एक मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा उशिरा येतो, कारण पहाटे तो रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जातो. मार्च लागला की निम्मा वर्ग काजूच्या बिया वेचायला. मे महिन्यात मुंबईहून या मुलांची चुलत-मावस भावंडं येतात. वय तेच, पण त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो. बाई विचारतात, यातलं खरं बालपण कुणाचं? आमच्या मुलांचं बालपण हिरावलं जातंय का? पूर्वीचं बरं होतं म्हणतात, ते खरं का? आणि त्या मुलाला रागवू की नको?

बाई, मी २८ वर्षं कोकणातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन एखाद्या वाडीत आठ-दहा दिवस राहायचो, घराघराची माहिती भरून घ्यायचो. आमच्या फॉर्मात 'कमावते किती, अवलंबून किती' असा रकाना होता. पोरं सगळी 'अवलंबून'मध्ये जायची. एकदा एक बाई पडवीत बसून माझ्या विद्यार्थ्याला ही माहिती सांगत होती आणि तिची नऊ वर्षांची मुलगी एका हातात कळशी, कडेवर धाकटा भाऊ, अशी विहिरीवरून तिसरी खेप घेऊन वर चढत होती. आम्ही तिला 'अवलंबून'मध्ये टाकलं. तेव्हापासून मी त्या रकान्याकडे संशयाने बघायला लागलो, आणि पुढची सगळी वर्षं माझं लक्ष घरातल्या कर्त्या माणसांपेक्षा पोरांकडेच जास्त राहिलं.

शरीराची वाढ सगळीकडे सारखीच होते. दुधाचे दात पडतात, आवाज फुटतो, पोर उंच होतं. पण या वाढीतल्या कुठल्या टप्प्याला 'लहान' म्हणायचं, ते लहानपण कधी संपलं म्हणायचं, आणि तोवर पोराने काय करायचं, हे प्रत्येक समाज आपल्या घरादाराच्या, शेताच्या, पैशाच्या आणि शाळेच्या हिशेबाने ठरवतो. हिशेब बदलला की बालपण बदलतं. समाजशास्त्राचं मूळ म्हणणं एवढंच आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण ते मनात उतरायला मला बराच काळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी वयाचंच घ्या. वयाचा नेमका आकडा ही गोष्टच आपल्याकडे नवी आहे. तुमच्या वाडीतल्या ऐंशीच्या घरातल्या माणसांची आधार कार्डं बघा, कितीतरी जणांचा जन्म १ जूनचा निघेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. घरात विचारलं तर म्हातारी सांगायची, 'रामदास बोट बुडाली तेव्हा हा रांगत होता.' मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली, सहाशेंवर माणसं गेली, आणि किनाऱ्यावरच्या घरांत वय मोजायची ती एक खूण होऊन बसली. पोर किती वर्षांचं यापेक्षा पोराला काय येतं, हे महत्त्वाचं होतं. शेळ्या राखता येतात का, दाढ, म्हणजे भाताची रोपं, लावता येते का, होडीत उभं राहता येतं का.

महर्षी धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. १८७५ साली सरकारी परीक्षेला बसायला ते मुरूडहून साताऱ्याला चालत गेले, ऐन पावसाळी दिवसांत, घाट चढून. परीक्षेसाठी सतरा वर्षं पुरी लागत. त्यांची झाली होती. पण अंगकाठी लहान, आणि तिथल्या समितीला ते सतराचे दिसले नाहीत, म्हणून परत पाठवलं. याच मुलाचं लग्न त्याआधीच झालेलं होतं आणि बायको त्याच्याहून कितीतरी लहान, आठ-नऊ वर्षांची असताना घरात आलेली. एकच मुलगा संसाराला मोठा आणि परीक्षेला लहान. वर्गात बालपण शिकवताना मी नेहमी इथून सुरुवात करायचो, कारण दापोलीची-खेडची पोरं समोर असायची आणि त्यांना तो रस्ता माहीत असायचा.

आजही हीच गोष्ट आहे, फक्त तिचे कागद झालेत. लग्नाच्या वयाचंच बघा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीसाठी बाराची रेघ ओढली, तेव्हा महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं, पुढे ते अठरावर आलं. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा. बालकामगार कायद्यात चौदापर्यंत एक नियम, चौदा ते अठरा दुसरा. मतदान अठराला, मुलाचं लग्न एकविसाला. आणि सातबारा उघडून बघा. बाप गेला आणि पोरं लहान असली की नावापुढे अ.पा.क. लागतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मराठीत कायद्याने लहान तो 'अज्ञान' आणि मोठा तो 'सज्ञान'. अठराव्या वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता ज्ञान येतं, असा त्या शब्दाचा अर्थ झाला. रापणीवरच्या तुमच्या मुलाला भरती-ओहोटीचं, वाऱ्याचं, पाण्याच्या रंगाचं जे कळतं ते आपल्यासारख्या सज्ञानांना कळत नाही.

आता पुस्तकातलं थोडं. या विषयाला तोंड फोडलं फिलिप आरिएस या फ्रेंच माणसाने, १९६० साली. हा विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. उष्ण कटिबंधातल्या फळांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत तो नोकरी करायचा आणि सुटीच्या दिवशी इतिहास लिहायचा. आमच्याकडच्या आंबा बागायतदारांच्या मुलांना हे सांगितलं की ती खूश व्हायची. त्याने जुनी चित्रं, रोजनिशा, कपडे, खेळ बघून म्हटलं की मध्ययुगीन युरोपात बालपण हा वेगळा कप्पाच नव्हता. पोर आईच्या कुशीतून सुटलं की थेट मोठ्यांच्या जगात मिसळायचं, तेच कपडे, तेच काम, तेच खेळ. त्याच्या या म्हणण्याला पुढे लिंडा पोलॉक या संशोधिकेने १९८३ मध्ये चांगलंच उत्तर दिलं. शेकडो डायऱ्या आणि आत्मचरित्रं वाचून तिने दाखवलं की आईबापांची माया, पोराच्या आजारपणातली तगमग पूर्वीही तशीच होती. मला वाटतं दोघांचंही ऐकावं. माया जुनीच आहे. तिच्याभोवती उभारलेली बालपणाची चौकट मात्र त्या त्या काळाची आहे.

या चौकटीचा हिशेब सगळ्यात स्पष्ट मांडला तो व्हिव्हियाना झेलिझर या अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी, १९८५ मध्ये. त्या एका खटल्यापासून सुरुवात करतात. १८९६ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका रेल्वे कंपनीमुळे दोन वर्षांचं मूल दगावलं. आईबाप कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, एवढं लहान मूल कमावत नव्हतं, तेव्हा अंत्यसंस्काराच्या खर्चापलीकडे भरपाई देता येत नाही. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये दातांच्या दवाखान्यात तीन वर्षांचं मूल चुकीच्या उपचाराने गेलं. तेही कमावत नव्हतं. आईबापांना साडेसात लाख डॉलर मिळाले. मधल्या काळात, झेलिझर यांच्या मते साधारण १८७० ते १९३० दरम्यान, मूल घराला कमाईच्या दृष्टीने निरुपयोगी झालं आणि त्याच वेळी अनमोल झालं. पोर कामाचं होतं तेव्हा त्याला किंमत होती. ते कामातून सुटलं तेव्हा त्याची किंमत करणंच पाप वाटायला लागलं.

तुमच्या मुंबईच्या पाहुण्यांचं कोडं इथे सुटतं. ती मुलं आळशी नाहीत आणि लाडावलेलीही नाहीत, निदान तेवढ्यावर त्यांचं वागणं उलगडत नाही. त्यांच्या घरात त्यांच्यासाठी काम ठेवलेलंच नाही. नळाला पाणी, गॅस, दुकानातून घरपोच सामान, आणि रस्त्यावर एकट्याने जायची बंदी. त्यांच्या आईबापांनी वेळ, पैसा, जीव सगळं त्यांच्या शिक्षणात घातलंय. येन्स क्वोर्ट्रुप हे डेन्मार्कचे समाजशास्त्रज्ञ म्हणतात की आजच्या समाजात शाळेचा अभ्यास हेच मुलाचं काम आहे, फक्त त्याची कमाई घराला मिळत नाही, समाजाला पुढे मिळते. शाळा, क्लास, गृहपाठ मिळून ते पोर बापाएवढेच तास राबतं. मे महिन्यात आलेल्या त्या मुलाला दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत झोपलेलं बघून आजी कुरकुरते, तेव्हा मला त्या पोराची बाजू घ्यावीशी वाटते.

आता रापण. मी बघितलेली एक पहाट सांगतो, वेंगुर्ल्याच्या बाजूची. होडीने जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणले होते. दोरांना माणसं लागलेली, टाचा वाळूत रोवत मागे मागे सरकणारी. मागच्या टोकाला पोचलेला माणूस दोर सोडतो आणि पळत जाऊन पाण्याजवळ पुन्हा धरतो. त्यात तीन पोरं होती. सगळ्यात लहान दहाचं असेल. त्याच्या ओढण्याने जाळं किती सरकत होतं कोण जाणे, पण मागे येणारा दोर गुंडाळून ठेवायचं काम त्याचं होतं आणि ते तो कुणी न सांगता करत होता. जाळं जवळ आलं तशी मोठी माणसं छातीभर पाण्यात गेली. हा काठाशी राहून कडेने निसटणारे पेडवे टोपलीत टाकत होता. मग वाटे लागले. त्याच्यापुढेही एक ढीग पडला, मोठ्यांच्या निम्म्याहून लहान. वाटे उचलताना शेजारच्या माणसाच्या हातून त्याच्या ढिगातला एक बांगडा आपल्या टोपलीत गेला. पोरगं म्हणालं, "काका, तो माझो." काकाने खाली बघितलं आणि बांगडा परत ठेवला.

त्या दोन शब्दांवर मी पुढे कित्येक तास शिकवलं आहे. त्या मुलाला तिथे जागा आहे. तिची मोजणी लहान असली तरी ती सगळ्यांनी मान्य केलेली आहे. तो शिकतोय, पण त्याला कुणी शिकवत बसलेलं नाही. आणि त्याला हक्क सांगता येतो, मोठ्या माणसाला, चारचौघांत. तुमच्या माझ्या वर्गात किती मुलं 'सर, हे माझं आहे' असं म्हणू शकतात?

आमच्या विषयात जुनी शिकवण अशी होती की मूल म्हणजे अपुरं माणूस, समाजाने ते घडवायचं. एमिल दुर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी शिक्षणाची व्याख्याच अशी केली की मोठ्या पिढीने अजून समाजजीवनाला तयार नसलेल्या पिढीवर केलेला संस्कार. यालाच सामाजीकरण म्हणतात, आणि बारावीच्या पुस्तकातही हाच शब्द भेटतो. १९९० च्या सुमारास ॲलिसन जेम्स आणि ॲलन प्राउट या ब्रिटिश अभ्यासकांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी हे उलटं धरलं. मूल उद्या माणूस होणार आहे हे खरं, पण ते आजही माणूस आहे. ते आजच्या आज आपल्या घरावर, आपल्या गल्लीवर परिणाम करतं, निर्णय घेतं, वाटाघाटी करतं. मुलाचा अभ्यास करायचा तर त्याच्या आईला विचारून भागत नाही, त्यालाच विचारावं लागतं.

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण मी स्वतः असं पोर होतो. आमच्या वाडीतले निम्मे बाप्ये मुंबईत गिरणीत. महिन्याची मनीऑर्डर आणि अधूनमधून पत्र. बायकांना वाचता येत नव्हतं. मी चौथीत असताना तीन घरांची पत्रं वाचायचो आणि उत्तरं लिहायचो. शेजारच्या काकीचं एक पत्र आजही डोळ्यांपुढे आहे. काकांनी लिहिलं होतं की या महिन्यात पैसे कमी येतील, धाकट्याला शाळेत घालायचं पुढच्या वर्षावर ढकल. ती ओळ मी मनात वाचली, काकीच्या तोंडाकडे बघितलं, ती भात सडत होती, आणि मी खालच्या खुशालीच्या ओळी आधी वाचल्या. ती ओळ शेवटी वाचली, हळू. नऊ वर्षांचा होतो. बातमी कुठल्या क्रमाने द्यायची हे मी ठरवत होतो, आणि काकीच्या घरातलं असं काहीही नव्हतं जे मला ठाऊक नाही. हे कुठल्याही जनगणनेच्या रकान्यात बसत नाही.

आज तुमच्या वाडीतलं पोर आजीच्या खात्यात पैसे आले का ते मोबाइलवर बघून सांगतं, भावाला व्हिडिओ कॉल लावून देतं, रेशनचा अंगठा लागत नसला तर दुकानदाराशी बोलतं. मार्गारेट मीड या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्येच लिहून ठेवलं होतं की काही समाजांत मुलं मोठ्यांकडून शिकतात, काहींत आपल्या बरोबरीच्यांकडून, आणि असा काळ येतोय की मोठ्यांना मुलांकडून शिकावं लागेल. कोकणात तो काळ पोस्टमनच्या थैलीतून आधीच येऊन गेला होता, असं मला वाटतं.

दुसऱ्या समाजांकडे बघितलं की आपल्या खात्रीच्या गोष्टीही हलायला लागतात. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट देशात बेंग नावाचा समाज आहे. त्यांच्यात मानतात की बाळ पूर्वजांच्या जगातून आलंय, त्याला सगळ्या भाषा येतात, आणि म्हणून त्याच्याशी आदराने बोलायचं. अल्मा गॉटलिब या मानवशास्त्रज्ञ बाईंनी हे फार सुंदर नोंदवलंय. आपल्याकडेही आजोबा गेल्यावर वर्षात नातू झाला की आजोबांचंच नाव ठेवतात, आणि आजी त्या तान्ह्याला रागवत नाही. तेव्हा ते फार परकं मानू नये. जॉन आणि बिएट्रिस व्हायटिंग या जोडप्याने १९५० च्या दशकात सहा देशांतल्या सहा वस्त्या निवडून मुलांचं वागणं पाहिलं. त्यात आपल्या उत्तर प्रदेशातलं एक गाव होतं, केनियातली एक वस्ती होती, अमेरिकेतलं एक छोटं शहरही होतं. जिथे मुलांवर घरची कामं आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी होती, तिथली मुलं दुसऱ्याला मदत करण्यात पुढे दिसली. अमेरिकेतली मुलं आपल्याकडे लक्ष वेधून घेण्यात पुढे. कोण चांगलं आणि कोण वाईट हे त्यातून ठरत नाही. जे रोज हातून घडतं तसं पोर होतं, एवढं दिसतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी मुलांनी काम करावं याच्या बाजूचा आहे. थांबा.

आपल्यासारखाच किनारा असलेल्या केरळातल्या एका गावात ओल्गा न्यूएनहाउस या डच संशोधिकेने मुलांचं काम अभ्यासलं, त्यांचं पुस्तक १९९४ चं. तिथे मुलगे मासेमारीत, मुली काथ्याच्या कामात आणि घरात. बाहेरून बघणारा म्हणायचा, मुलगे कामाला जुंपलेले आहेत, मुली घरीच असतात. प्रत्यक्षात मुली जास्त राबत होत्या, आणि त्यांचं काम 'आईला मदत' या नावाखाली गडप होत होतं. नाव मदत पडलं की मोबदला नाही, मोजणी नाही, आणि ते थांबवायला कायदाही येत नाही. हे वाचलं तेव्हा मला कळशी आणि कडेवरचा भाऊ आठवला. तुम्ही रापणीवरच्या मुलाबद्दल विचारलंत, बाई, कारण तो उशिरा येतो, त्याच्या अंगाला मासळीचा वास येतो, तो दिसतो. त्याची बहीण कदाचित वेळेवर येत असेल. पहाटे उठून भांडी, पाणी, सुकटीवरचं लक्ष सगळं उरकून येत असेल आणि तिसऱ्या तासाला पेंगत असेल. रापणीवर भावाला वाटा मिळतो. तिला कशातच वाटा नाही. आणि तिला न्हाण आलं की तिचं बालपण एका दिवसात आवरतं घेतलं जातं, भावाचं अजून पाच-सात वर्षं चालतं. मला काळजी तिची जास्त आहे.

जातीचंही तसंच. आठव्या वर्षी मुंज लावून मुलगा विद्यार्थीदशेत आला असं मानायचं, हा सोहळा मोजक्या जातींचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे आणि शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी पिता येत नसे, हे त्यांनी स्वतः लिहिलंय. एकाच वर्गात, एकाच छपराखाली, दोन बालपणं. म्हणून 'पूर्वीचं बालपण' असा शब्द कुणी उच्चारला की मी विचारतो, कुणाचं?

तुमच्या शाळेच्या आसपास चिरेखाण असेल तर तिथे जाऊन या. परराज्यांतून आलेली कुटुंबं खाणीच्या काठावरच्या खोपटात राहतात, पोरं लाल धुळीत माखलेली. आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदारांची कुटुंबं असतात. रायगडात वीटभट्टीवर कातकऱ्यांची मुलं आईबापांबरोबर जातात, हंगामभर. या मुलांचं काम आणि रापणीचं काम एका मापाने मोजू नये. रापणीवरचं पोर दमलं तर दोर सोडून बाजूला बसतं, त्याला ओळखणारी चार माणसं आजूबाजूला असतात, आणि दोन तासांनी ते घरी जातं. भट्टीवरच्या पोराला बाजूला बसता येत नाही, कारण बापाने उचल घेतलेली असते. प्रत्येक समाजाचं बालपण वेगळं असतं, हे वाक्य पुढे करून कुणी भट्टीवरच्या पोराकडे काणाडोळा करत असेल तर तो समाजशास्त्राचा गैरवापर आहे, आणि मी तो अधिकाऱ्यांच्या बैठकांत होताना पाहिला आहे.

कायदाही ही ओळ आखायचा प्रयत्न करतो. २०१६ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, पण घरच्या व्यवसायात, धोका नसलेल्या कामात, शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मदत करायला मुभा आहे. कुटुंब म्हणजे आईबाप, भावंडं आणि आईबापांची भावंडं. रापण मात्र एका घराची नसते, अनेक घरांची मिळून असते, त्यामुळे ती या व्याख्येत नीट बसत नाही. काजू बसतो. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्यात मुलाचे हक्क आहेत. आफ्रिकेतल्या देशांनी या कराराच्या पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, स्वतःची सनद केली, तीत मुलाची घराप्रति, वडीलधाऱ्यांप्रति कर्तव्यंही लिहिली. आपल्या गावातल्या आज्यांना ती सनद जास्त जवळची वाटेल.

आता खेळ, कारण बालपण हिरावलं जातंय ते माझ्या मते इथे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. सगळे मोबाइलला दोष देतात. विल्यम कोर्सारो या समाजशास्त्रज्ञांनी आयुष्यभर बालवाड्यांत जमिनीवर बसून मुलांचं निरीक्षण केलं आणि दाखवलं की मुलांची आपली एक संस्कृती असते, ती मुलंच एकमेकांत चालवतात. आपल्याकडे सागरगोटे कुणी आईने शिकवले? दहा वर्षांची मुलगी सात वर्षांचीला शिकवायची, ती पुढे पाच वर्षांचीला. या साखळीला मुलांची संख्या लागते. आट्यापाट्यांना एका बाजूला नऊ गडी लागतात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६.९७ लाख होती, २०११ मध्ये १६.१५ लाख झाली. सिंधुदुर्गाचीही घटली. तरणी जोडपी मुंबई-पुण्याला, पोरं त्यांच्याबरोबर. वाडीत उरली पाच मुलं, त्यातली दोन अंगणवाडीतली. पाच जणांत आट्यापाट्या होत नाहीत, लगोरीसुद्धा रडतखडत होते. एखाद्या वाडीत तीन-चार वर्षं पुरेशी पोरं नसली की खेळ मरतो, कारण शिकवणारं पोर मोठं होऊन निघून गेलेलं असतं. मोबाइल त्या रिकाम्या जागेत नंतर आला. मी एका वाडीत आठ वर्षांच्या एकट्या मुलाला भिंतीवर चेंडू मारताना बघितलं, बराच वेळ. तो आजीआजोबांत एकटाच होता. काम त्याला काहीच नव्हतं.

म्हणून मे महिन्यातले ते मुंबईचे पाहुणे तुमच्या मुलांसाठी फार मोलाचे आहेत. वीस दिवस वाडीत गड्यांची संख्या भरते. त्या वीस दिवसांत तुमच्या चौथीतल्या पोरांना खेळ शिकवायला लावा, मोठ्यांनी मध्ये पडू नका. तांब्या हातात मागणारं पोर चौथ्या दिवशी आपणच विहिरीवर जातं, हे मी दर वर्षी बघतो, आणि दहाव्या दिवशी ते मालवणीत भांडायला लागतं.

आणि काजू. मार्चमध्ये बागेत बोंडू पिरगळून बी वेगळी करणं हे पोरांना आवडतं, ती मोजतात, दुकानावर वजन करतात, जत्रेला पैसे साठवतात. ते मोडू नका, पण तीन गोष्टी विचारा. पैसे कुणाच्या हातात राहतात? सकाळी उन्हं चढायच्या आत संपतं की शाळेच्या वेळात शिरतं? आणि घरात बिया भाजून फोडायला पोरांना बसवतात का? टरफलातल्या तेलाने कातडी जळते, बोटं काळी पडून सोलतात. वर्गात सगळ्यांना हात पुढे करायला सांगा, दोन मिनिटांत कळेल. जिथे बोटं सोललेली दिसतील त्या घरी जाऊन बोला, आईशी, ओरडायच्या सुरात नको. वेचणं पोरांचं, भाजणं-फोडणं मोठ्यांचं, एवढी वाटणी बहुतेक घरं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

राहिला रापणीवरचा मुलगा. त्याला रागवू नका. रापण रोज लागत नाही, आणि तो गेला नाही तर त्याचं नुकसान फक्त माशांचं नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. पण शाळेची वेळ ही त्याची आहे, तिच्यावर रापणीचा हक्क नाही, हेही तितकंच खरं. म्हणून रापणीच्या तांडेलाला, म्हणजे म्होरक्याला, भेटा, त्याच्या आईला सोबत घेऊन. त्याला सांगा की साडेनऊला पोर सोडायचं, वाटे लागले नसले तरी, आणि त्याचा वाटा राखून ठेवायचा. एका गावात आमच्या ओळखीच्या गुरुजींनी हे केलं होतं. तांडेल म्हणाला, "राखतंव मां, गुरुजी, तेचो वाटो खंय जातलो?" पोरगं वेळेवर यायला लागलं. फक्त पहिल्या तासाला त्याचं लक्ष खिडकीबाहेर असायचं, वाटे लागले की नाही ते बघायला. गुरुजींनी त्याची जागा खिडकीपासून हलवली नाही.

त्याच्या बहिणीकडे मात्र आजच बघा. पहाटे किती वाजता उठते, शाळेत येण्याआधी काय काय करून येते, हे तिलाच विचारा, एकटीला, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.